लबनेच्या डब्यातलं वाण

सर्व लहानथोरांनी कृपया आपापल्या जागी बसून घ्यावं. हातात चहा असेल तर तो खाली ठेवावा. कुवेतमधल्या मराठी समाजाच्या इतिहासातलं एक अत्यंत गंभीर प्रकरण आज मी उघड करणार आहे. ते आजवर कुणीही लिहिलेलं नाही, कारण ते लिहू शकतील अशा सगळ्यांनी ते स्वतः खाल्लेलं आहे. त्यांत डॉक्टर आहेत, तेल कंपनीतले इंजिनियर आहेत, परिचारिका आहेत, एक गृहस्थ तर आहारतज्ज्ञ आहेत. आणि या सगळ्याचं उगमस्थान म्हणजे सलवामधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी. माझी आई आता नाशकात असते. परवा तिला फोनवर म्हटलं, "आई, ते मेथीचं प्रकरण लिहितेय."  ती म्हणाली, "लिही बाई. पन्नाशी आली तरी तुझं तोंड बंद राहत नाही, तर माझ्या सांगण्यानं काय राहणार!" इतकी वर्षं झाली, पण फोनवरसुद्धा मला कळलं, की तिने पदर तोंडाला लावला होता.

आई ठाण्याची. दोन खोल्यांच्या घरात वाढलेली, मातीशी संबंध म्हणाल तर तुळशीला पाणी घालण्यापुरता. बाबा कुवेतच्या एका सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. आई इथे आली आणि तिच्या लक्षात आलं, की या देशात सगळं मिळतं, फक्त पोह्यांवर घालायची कोथिंबीर मनासारखी मिळत नाही. जुडी मिळायची, पण वास नसायचा. तेवढ्यावरून सुरुवात झाली. पहिल्यांदा तिने धणे लाटण्याने भरडले, मेयोनेझच्या एका रिकाम्या बादलीत पेरले आणि बादली बाल्कनीत ठेवली. आठवड्यात हिरवे कोंब वर आले आणि आमच्या घरातली शांतता कायमची संपली. त्यानंतर आमच्या घरातून एकही डबा बाहेर गेला नाही. तेलाच्या डब्यात मिरच्या, रंगाच्या बादलीत टोमॅटो, मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत पालक आणि मुळा. पुदिना तर आंघोळीच्या जुन्या टबात पसरला होता. सुरुवातीला खोक्यांना मासळीचा वास यायचा आणि पालक खाताना मला बोंबलाचा भास व्हायचा. आई म्हणायची, "खत म्हणून चांगलं असतं."

प्रत्येक डब्याच्या बुडाला भोकं पाडायचा कार्यक्रम शुक्रवारी सकाळी व्हायचा. बाबा गॅसवर सळई तापवायचे, प्लॅस्टिकमध्ये खुपसायचे, 'चर्र' आवाज व्हायचा आणि जळक्या वासाने भरलेल्या स्वयंपाकघरात आम्ही नाश्त्याला बसायचो. माती पिशवीतून विकत आणायची. ज्या देशात दाराबाहेर मैलोन् मैल वाळू आहे, तिथे माणूस माती पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर नेतो, हे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कुणालाच पटत नसे. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत एसीच्या नळीखाली बादली लावलेली असायची. रात्रंदिवस टप्, टप्. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. हिवाळ्यात एसी बंद झाले, की तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, आमच्या घरात पाणी मोरीत जातच नसे.

आता माझी लाज ऐका. शाळेची बस बरोबर आमच्या बाल्कनीखाली थांबायची. वर पाहिलं की अरबी अक्षरांचे डबे, दोऱ्यांनी बांधलेले टोमॅटो आणि बाबांच्या जुन्या बनियनची चिंधी, पक्षी येऊ नयेत म्हणून लावलेली. एकदा बसमधल्या एका मुलीने निरागसपणे विचारलं, "डू यू लिव्ह इन अ गोडाउन?" सगळी बस हसली. मी दप्तरात तोंड घालून बसले. त्याहून वाईट म्हणजे डबे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. लबने, म्हणजे चक्क्यासारखं इथलं घट्ट दही, ज्या पसरट पांढऱ्या डब्यात येतं ते डबे आईला फार आवडायचे. चौदा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीच्या दारावर जाऊन म्हणायचं, "काकू, आईने विचारलंय, लबनेचे डबे रिकामे झालेत का?" एका काकूंनी तर मला पाहून घाईघाईने उरलेलं लबने ब्रेडला फासलं आणि डबा धुऊन हातात दिला. आज माझी लेक कुवेतमधल्याच रुमैथियातल्या आमच्या बाल्कनीत कापडी पिशव्यांमध्ये चेरी टोमॅटो लावते, त्यांचे फोटो जगाला दाखवते आणि म्हणते, "आजी वॉज सो अहेड ऑफ हर टाइम."  मला ती बस आठवते.

तर, मेथी. आईला मेथी हवी होती आणि तिने पेरलेली मेथी दर वेळी बोटभर होऊन पिवळी पडायची. बाबांनी हे दुःख प्रयोगशाळेत येणाऱ्या एका म्हाताऱ्या रुग्णाला सांगितलं. अबू नासर त्यांचं नाव. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला बोटीने येऊन-जाऊन असत, त्यामुळे हिंदी बोलायची त्यांना फार हौस. बाबा रक्त काढत असताना त्यांच्या गप्पा चालायच्या. बाबांनी सांगितलं, की आम्ही घरी हिरवा पाला लावतो, एका देठावर तीन पानं असतात तो, पण नीट येत नाही. अबू नासर म्हणाले, "अरे, वफ्रा में मेरा मज़रा है, उधर बहुत है!" मज़रा म्हणजे शेत. मग त्यांनी विचारलं, "घर में कितना है?" बाबा म्हणाले, "तीन." म्हणजे आई, बाबा आणि मी. पुढच्या खेपेला अबू नासर बियांची पुरचुंडी आणि ताज्या पाल्याची एक पेंढी घेऊन आले. एका देठावर तीन पानं. बाबांनी ती घरी आणून टेबलावर विजयी मुद्रेने ठेवली.

आईने बी तळहातावर घेऊन पाहिलं. "अहो, हे फार बारीक आहे. मेथीदाणा असा असतो का?"

"कसुरी मेथीचं बी बारीकच असतं," बाबा म्हणाले. "त्यातून ही वाळवंटी जात. तू पेर."

माझे बाबा सूक्ष्मदर्शकातून दिवसभर जंतू ओळखायचे. त्यांच्या शब्दावर संशय घेण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आणि काय सांगू! आईच्या हातून असं पीक कधी आलं नव्हतं. थर्माकोलची खोकी हिरवीगार झाली. धुळीचं वादळ आलं, सगळी बाल्कनी पिठासारखी पिवळी झाली, टोमॅटोने मान टाकली, पण ही मेथी मात्र पाणी शिंपडताच ताठ उभी. आणि मुख्य चमत्कार म्हणजे कापली की पुन्हा यायची. शिवाय अजिबात कडू नव्हती. मेथी म्हटलं की मी ताटावरून उठायचे, ती मी दोन-दोन पराठे खाऊ लागले. आई फोनवर सगळ्यांना सांगायची, "कडू नसलेली मेथी! आणि अक्षय! द्रौपदीची थाळी आहे नुसती."

त्या संक्रांतीला हळदीकुंकवात काय लुटायचं, हा प्रश्न आईने डिसेंबरातच सोडवून टाकला होता. बाकीच्या बायका स्टीलच्या वाट्या, काचेचे बोल, झाकणाचे डबे लुटायच्या. आईने लबनेच्या डब्यांत मेथी पेरली. सगळ्या घरभर डबे. टीव्हीवर डबे, शिलाईमशीनवर डबे, माझ्या अभ्यासाच्या टेबलावर भूगोलाच्या पुस्तकाशेजारी डबे. मी रडून सांगितलं, "आई, सगळ्या हसतील. निदान त्यावरचं लबनेचं चित्र तरी खरवडून काढ." आईने चित्रावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली आणि म्हणाली, "आता झालं ना सुंदर?" ज्या दिवशी बायका आल्या, त्या दिवशी मी न्हाणीघरात लपून बसले होते. पण बाहेरून हसण्याचा नाही, कौतुकाचा आवाज आला. "अय्या, जिवंत वाण!" असं आठल्येकाकू म्हणाल्याचं मला आजही ऐकू येतं. आठल्येकाकू म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, आमच्या मंडळींतलं सर्वोच्च न्यायालय. त्यांनी 'अय्या' म्हटलं म्हणजे विषय संपला. मी न्हाणीघरातून बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा अभिमानाने डबे वाटले. हाय रे दैवा!

मग फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी. कुणी मुटके केले, कुणी डाळमेथी केली. आठल्येकाकूंनी तर जाहीर केलं, की मेथीमुळे आमच्या ह्यांची शुगर खाली आली. पण आईला सगळ्यांत जास्त सुख झालं ते सुलभामावशीच्या फोनने. सुलभामावशी नगरकडची, शेतकऱ्याच्या घरची. लहानपणीच शिकायला वसतिगृहात गेली, तिथून नर्स होऊन थेट इथे, आणि तेव्हा फरवानियात राहायची. आदल्या वर्षी तिची आई गेली तेव्हा तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं. ते शल्य तिच्या बोलण्यात नेहमी असायचं. ती आईला म्हणाली, "वहिनी, काल तुमची मेथी निवडाया घेतली आन् रडूच आलं बघा. नाकाशी धरली की आई आठवती मला. आमच्या गोठ्यापाशी बसायची ना, अगदी तशीच समोर दिसती." आईने फोन ठेवला आणि ती बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातून तिने फरवानियाला आणखी दोन डबे पाठवले.

रथसप्तमी जवळ आली होती. इतक्यात अबू नासरांनी आम्हाला शुक्रवारी शेतावर बोलावलं. आई खास इरकली नेसली. वाटेत दोन्ही बाजूंना नुसती वाळू, विजेचे खांब, मधूनच उंटांचा तांडा, आणि मग एकदम हिरवा रंग. गाडीतून उतरल्याबरोबर आईने पदर सावरला आणि ती मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! केवढी मेथी ही!" खरंच, नजर जाईल तिथवर आमचीच मेथी. कमरेइतकी उंच आणि मधूनमधून तिला जांभळी फुलं.

जांभळी फुलं पाहून आईची पावलं थांबली. मेथीला जांभळी फुलं येत नाहीत, एवढं ठाण्याच्या माणसालाही माहीत असतं.

पलीकडे कुंपण होतं. कुंपणामागे मेंढ्या. अबू नासरांनी वाकून भला मोठा भारा कापला आणि कुंपणावरून आत फेकला. मेंढ्या तुटून पडल्या. अशी समरसून मेथी खाताना मी फक्त आठल्येकाका पाहिले होते. अबू नासर हात झटकत आमच्याकडे वळले आणि अत्यंत प्रेमाने त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हारा तीन बकरी को पसंद आया?"

  फक्त मेंढ्यांचा चावण्याचा आवाज. बाबांचे कान आधी लाल झाले, मग टक्कल. मला वाटलं, आता बाबा खरं सांगतील आणि आपण सगळे हसू. पण समोर एक म्हातारा माणूस इतक्या आपुलकीने उभा होता, त्याला काय सांगणार? 

"बहुत पसंद आया," बाबा म्हणाले. "सब खतम कर दिया."

अबू नासरांचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब नोकराला हाक मारली आणि आमच्या गाडीची डिकी वैरणीने गच्च भरून टाकली. नाही कसं म्हणणार? आम्ही घरी निघालो ते असे, पुढे बाबा, शेजारी इरकली नेसलेली आई, मागे मी आणि माझ्या मागे मेंढ्यांचं आठवड्याचं जेवण. तो ओला हिरवा वास गाडीभर पसरला होता.

 मग बाबा म्हणाले, "हे बघ, विषारी काही नाही. पौष्टिकच असतं म्हणतात. कुणाला काही झालं का? उलट आठल्यांची शुगर..."

"अहो, गप्प बसा," आई म्हणाली.  "सवाष्णींना वाण म्हणून वैरण दिली मी. संक्रांतीचं वाण! हळदीकुंकू लावून!"

"मग परत मागवून घे डबे. सांग, कीड लागलीय म्हणून."

"दिलेलं वाण परत घेतात का कधी?"

  मी फक्त शाळेच्या बसचा विचार करत होते. तिथे हे कळलं, तर गोडाउनवरून आमची बढती गोठ्यात होणार होती. मी म्हटलं, "आई, कुणालाच नको सांगू ना. कुणाला कळणारही नाही." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाकीच्यांचं एक वेळ सोड गं. पण सुलभा आईच्या आठवणीने रडते त्या पाल्यावर. तिला मी काय तोंड दाखवू? फसवलं की गं मी तिला." त्या क्षणी मला कळलं, की माझी लाज आणि तिची लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला लोक काय म्हणतील याची भीती होती. तिला सुलभामावशी काहीच म्हणणार नाही, याची.

रथसप्तमीचं हळदीकुंकू नेमकं सुलभामावशीकडे होतं. फरवानियातला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली बसगाड्यांचे हॉर्न, जिन्यात चपलांचा ढीग आणि आत सगळ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. आई आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. वाटेत ती पुटपुटत तालीम करत होती. आम्ही आत शिरलो. प्रत्येकीच्या हातात बशी होती, बशीत तिळगूळ आणि शेजारी दुमडलेला, तूप सुटलेला, हिरव्या ठिपक्यांचा पराठा.

"या वहिनी!" सुलभामावशी दारातच म्हणाली. "आज तुमच्याच मेथीचा बेत केलाय. म्हणलं, वाणाचं सोनं करावं."

सगळ्या बायका आईकडे बघून कौतुकाने माना हलवू लागल्या. तोंडं भरलेली होती, म्हणून बोलता येत नव्हतं. आठल्येकाकूंचा दुसरा पराठा चालू होता. आईने कुंकू लावून घेतलं, पण बशी घेतली नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. मी तिच्या मागे उभी राहिले, दाराच्या शक्य तितकी जवळ.

"मला काही सांगायचंय," आई म्हणाली. तालीम केलेलं सगळं भाषण ती विसरली, हे मला तिच्या मानेवरून कळलं. "ही मेथी नाहीये. ही वैरण आहे. मेंढ्यांची. आम्ही परवा डोळ्यांनी पाहून आलो. मला माहीत नव्हतं, पण दिली मीच. मला माफ करा सगळ्यांनी. आणि सुलभा, तू तर मला..."

 खोलीतलं चावणं थांबलं. सगळ्यांचे घास जिथल्या तिथे. गिळावा की नाही, याचा निर्णय प्रत्येक गालात चालू होता. आता प्रत्येकीला आठवत होतं, की आपण फोनवर या पाल्याचं किती कौतुक केलं होतं, आणि लाज आईच्या एकटीच्या चेहऱ्यावर न राहता खोलीभर पसरली. आठल्येकाकूंनी मात्र घास गिळला. त्या डॉक्टर होत्या. मग अतिशय खालच्या आवाजात, जणू तपासणीच्या खोलीत, त्यांनी विचारलं, "मग ह्यांची शुगर कशाने कमी झाली?"

कुणी हसलं नाही. सगळ्या सुलभामावशीकडे बघत होत्या. ती हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने परातीतला निवडलेला पाला उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि एक खोल श्वास घेतला. आईने माझा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बांगड्या मला रुतल्या. सुलभामावशीने डोळे उघडले. ते भरून आले होते, आणि ती एकदम ओरडली:

"तरीच बया! तरीच म्हणलं, आई आठवली की तिच्या शेजारी दर टायमाला आमची चंद्री म्हैस का येऊन उभी राहती!"